मस्टरवरचे दोन महिने

आई, अडतिसाव्या वर्षी मी पुन्हा इंटर्न झालेय. हसू नकोस. तू असतीस तर आधी हसलीच असतीस, मग "अगं बाई, आता आणखी किती वेळा?" म्हणाली असतीस, आणि बाबांना हाक मारून सांगितलं असतंस, "ऐकलंत का, लेक परत पहिलीत बसली." तिसऱ्यांदा, आई. एकदा आपल्याकडे, तुझ्याच हॉस्पिटलात. एकदा इथे अमेरिकेत आल्यावर, सर्जरीत. आणि आता ही, न्यूरॉलॉजीत जायचं म्हणून. खरं तर मला तुला सांगायचंय ते वेगळंच आहे, पण ते एकदम तोंडातून निघत नाही, म्हणून हे नमनाला घडाभर तेल. तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि अकरा वर्षं ते माझ्या घशात अडकून बसलंय.

तुला माहीत होतं ते एवढंच की मी अमेरिकेत सर्जन होणार. तू वॉर्डात सगळ्यांना तसं सांगून ठेवलं होतंस, अगदी झाडूवाल्या मावशींनासुद्धा. मी नाही झाले, आई. सर्जरीत मला कायमची जागा मिळालीच नाही. इथे 'प्रिलिमिनरी' म्हणून एक भानगड असते. एका वर्षाचं काम देतात, बैलासारखं राबवून घेतात, पुढच्या वर्षाची हमी कुणीच देत नाही. मी अशी दोन वर्षं काढली. मग लग्न झालं, टेक्सासमध्ये अर्विंगला आलो, मुलगी झाली, आणि मी न्यूरॉलॉजीच्या एका रिसर्चमध्ये नोकरी धरली. काम काय, तर अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या माणसांना ठरलेल्या दिवशी फोन करायचा आणि विचारायचं, हात कसा आहे, कप धरता येतो का, शर्टाची बटणं लावता येतात का. सात वर्षं मी हेच विचारतेय. परक्या माणसांना, त्यांच्या मुलांना, शांतपणे, एकेक प्रश्न नीट. कुणी म्हातारी बाई तिचा हात सोडून नातवाबद्दल बोलत बसली तरी मी ऐकून घेते, घड्याळ बघत नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्या मुली म्हणतात, यू आर सो पेशंट.

शेवटी गेल्या वर्षी मी न्यूरॉलॉजीच्या रेसिडेन्सीसाठी अर्ज केला. तुझा जावई म्हणाला, "यार, सात वर्षं त्यांच्या दारात बसलीयेस, आता आत तरी जा." तो नागपूरचा आहे, असाच बोलतो. तुला आवडला असता, तुझ्यासारखाच तोंडावर बोलणारा. तर मुलाखतीत तिथल्या प्रमुख बाई, केस पांढरे, आवाज हळू, कागद बघत मला म्हणाल्या, "सर्जरीची दोन वर्षं छान आहेत, पण यात मेडिसिनचे महिने किती?" कारण नियम असा आहे, आई, की न्यूरॉलॉजी सुरू करण्याआधीच्या इंटर्नशिपच्या वर्षात निदान सहा महिने मेडिसिन केलेलं हवं, स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट सांभाळून, आणि वर आणखी दोन महिने त्याच्याच आसपासचं काही. बाकी तुम्ही हजार अपेंडिक्स काढून आलेले असा, त्याला इथे कुणी विचारत नाही. मी आपल्याकडच्या इंटर्नशिपचं सर्टिफिकेटही फाइलला लावलं होतं, वेड्यासारखं. त्यावर लिहिलेलं, मेडिसिन दोन महिने, समाधानकारक. बाईंनी ते बघितलं, हसल्या, म्हणाल्या, "दुर्दैवानं हे धरता येत नाही." मला हुश्श वाटलं. खरंच सांगते, इतकं हुश्श मला कधी वाटलं नव्हतं. ते दोन महिने कसे झाले ते तुला आणि मलाच ठाऊक.

इंटर्न्सचं मस्टर तुझ्या टेबलाच्या उजव्या खणात असायचं. बायकांचा मेडिकल वॉर्ड, तू इन्चार्ज सिस्टर, पांढरी साडी, कमरेला किल्ल्या, खिशात एक निळं आणि एक लाल पेन. मी शाळेतून थेट वॉर्डात यायचे आणि तुझी ड्युटी संपेपर्यंत त्या टेबलाशी बसून गृहपाठ करायचे, म्हणून मला तुझी चाल पाठ आहे. गोळ्या वाटताना तू प्रत्येकीच्या पुढे दोन्ही हातांची दोन-दोन बोटं धरायचीस. "दाबा. जोरात दाबा, लाजू नका." मग "दात दाखवा." एक म्हातारी म्हणायची, "सिस्टर, दात राहिलेत कुठं?" आणि तू म्हणायचीस, "हिरड्या दाखव, मला तोंड वाकडं होतंय का तेवढंच बघायचंय." ताप असो, जुलाब असो, साखर असो, बोटं सगळ्यांना दाबायला लावायचीस. डॉक्टरांच्या आधी तुला कळायचं. एकदा एका नव्या सिस्टरनं बीपी न मोजताच कागदावर आकडा लिहिला, तर तू सगळ्या वॉर्डासमोर तिला जे झाडलंस ते मला अजून आठवतं. "लिहिलं म्हणजे झालं, असं पेशंटच्या अंगाला वाटत नाही बाई. न बघता लिहायचं नाही, माझ्या वॉर्डात तर नाहीच." ती पोरगी रडत रडत बीपीचं यंत्र घेऊन गेली. मी तेव्हा सातवीत असेन, मला तुझा राग आला होता.

आणि तीच तू माझ्यासाठी साठ दिवस मस्टरवर हजेरीचा पी लिहिलास. माझी अमेरिकेची परीक्षा होती, इंटर्नशिपच्या वर्षातच द्यायची होती, आणि सगळेच तेव्हा तसं करायचे. कुणी पुण्याला अभ्यासिकेत, कुणी घरी दार लावून, पोस्टिंग नुसतं कागदावर. मला वाटलं, माझी तर आईच तिथे आहे, माझ्याइतकं सोपं कुणाला? मी मागितलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. थापायची थांबली नाहीस. म्हणालीस, "दुसऱ्या वॉर्डात कर की काय करायचं ते. माझ्या वॉर्डात कशाला?" मी म्हटलं, दुसरीकडे ओळख लागते, आणि दोन महिन्यांनी काय मोठं आभाळ कोसळणार आहे? मी सर्जन होणार, मला साखर आणि अर्धांग घेऊन काय करायचंय? तू तव्यावरची भाकरी उलटलीस, ती करपली होती. तुझी भाकरी कधी करपत नाही. दुसऱ्या दिवसापासून तू सकाळी माझ्या खोलीत चहा ठेवून ड्युटीवर जायचीस आणि तिथे जाऊन माझ्या नावापुढे निळ्या पेनानं पी लिहायचीस. महिन्याच्या शेवटी मेडिसिनचे सर डोळे मिटून सही करत. संध्याकाळी घरी आल्यावर तू पहिला तासभर बोलायची नाहीस. मला वाटायचं, दमली असेल. एकदाच, वाढता वाढता म्हणालीस, "मला हे पटत नाही. पण तुझं एकदाचं होऊ दे." मी आमटी ओरपत होते. मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

आता तो फोन. लिहितेच.

सर्जरीच्या पहिल्या वर्षातला तो फोन, इथे सकाळ, तुझ्याकडे संध्याकाळ, तू नुकती ड्युटीवरून आलेली. मी लिफ्टसमोर उभी, खाली ऑपरेशनची केस लागलेली, वरिष्ठ ओरडायला टपलेला. तू म्हणतेस, "अगं, आज गंमतच झाली. चहाचा कप डाव्या हातातून सुटला. हातच माझा नाही असं वाटलं. दहा मिनिटांत गेलं बघ आपोआप." मी म्हणते, बरं मग? तू म्हणतेस, "मग मी माझी मीच बोटं दाबून बघितली. डावा अजून जरा कमी वाटतोय." आई, तू मला तपासून सांगत होतीस. तू तुझा राउंड घेतला होतास आणि रिपोर्ट मला देत होतीस. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "मानेचं असेल. जन्मभर मान वाकवून लिहिलंस, दुसरं काय होणार? कॉलर लाव, झोप जरा. आणि उगाच स्वतःची तपासणी करत बसू नकोस. तू डॉक्टर आहेस का?" लिफ्ट आली होती. तू म्हणालीस, "नाही बाई, मी कुठली डॉक्टर. जेवलीस का तू?" मी हो म्हटलं. जेवले नव्हते. सकाळचे साडेआठ वाजले होते, जेवणार कुठून, पण तुला इथली वेळ कधीच लक्षात राहायची नाही.

आता पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं तरी तो सांगेल की अचानक हाताची ताकद जाते आणि परत येते, ती मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असते, माणसाला तसंच उचलून हॉस्पिटलात न्यायचं असतं. आणि पुस्तक तरी कशाला हवं? ते दोन महिने मी तुझ्या वॉर्डात नुसती स्टुलावर बसले असते तरी मला कळलं असतं. अशा चार-पाच बायका तर मी पाहिल्याच असत्या. "काल हात गेला होता, आज बराय" म्हणणाऱ्या आणि तिसऱ्या दिवशी वाचा गेलेल्या. तू मला बोलावून दाखवल्या असत्यास. पण मी घरी दार लावून बसले होते आणि मस्टरवर पी होता.

तू कॉलर आणलीस, आई. माझ्या सांगण्यावरून दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलीस. इतक्या वर्षांची सिस्टर, आपल्याच वॉर्डाच्या डॉक्टरांना एकदा हात दाखवायचा की नाही? पण लेक म्हणाली होती मानेचं आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांना तू स्वयंपाकघरात पडलेली सापडलीस, गॅसवर चहाचं आधण, गळ्यात ती कॉलर. तुला तुझ्याच वॉर्डात नेलं. चार दिवस होतीस म्हणे. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि दारामागच्या खुंटीवर ती कॉलर लटकत होती, तुझी छत्री असायची तिथे. बाबा मला म्हणाले, "मान दुखते म्हणून हिनं हे आणलं बघ, आणि निघालं भलतंच. एवढी सिस्टर, पण स्वतःचं नाही कळलं हिला." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत होते. मी शेजारी बसले होते. मी "हं" म्हणाले.

तर या वर्षीचं सांगत होते. प्रमुख बाईंच्या ऑफिसातल्या मुलीनं मला हळूच सुचवलं की तुमच्या जुन्या सर्जरीच्या चीफनं जर लिहून दिलं की आयसीयूतले महिने म्हणजे मेडिसिनच होतं, तर ते धरता येतील. मग दोन-तीन महिने भरून काढले की थेट दुसऱ्या वर्षात. अख्खं एक वर्ष वाचणार. मी चीफला मेल टाकला. अर्ध्या तासात उत्तर: "मजकूर तू लिहून पाठव, मी सही करतो." इथे अशीच पद्धत आहे, शिफारसपत्रही आपणच लिहायचं. रविवारची सकाळ, मी पोह्यांची फोडणी टाकून एका हातानं लॅपटॉपवर टाइप करतेय, धुराचा अलार्म बोंबलतोय, जावई टॉवेल हलवत त्याच्याखाली उभा. मी म्हटलं, खरा मेडिसिनचा महिना एकच झालाय, बाकी सगळी ऑपरेशन झालेली माणसं होती. तो म्हणाला, "अगं, लिहून टाक ना चार. कोण बघतंय? सगळेच करतात." तो वाईट माणूस नाही, आई. इंटर्नचं वर्ष म्हणजे घरी मी नसणार, मुलीचा डबा, शाळा, ताप सगळं त्याच्या गळ्यात, म्हणून म्हणाला. मुलगी टेबलाशी बसलेली, ती म्हणाली, "आई, बट यू आर ऑलरेडी अ डॉक्टर." मी 'चार' असं टाइप केलं. त्या चारकडे बघितलं. मोहरी करपून काळी झाली होती, मला वासच आला नाही.

सोमवारी मी प्रमुख बाईंना जाऊन सांगितलं, एकच महिना. त्या म्हणाल्या, "म्हणजे पूर्ण वर्ष करावं लागेल, ठाऊक आहे ना?" मी म्हटलं, ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, "थँक यू फॉर टेलिंग मी." मला रडू आलं, त्यांना वाटलं वर्ष वाया जातंय म्हणून. हा काही प्रामाणिकपणा नव्हता गं. मला भीती वाटली. अजून एकदा कुणीतरी माझ्या नावापुढे न केलेले महिने लिहील आणि अजून कुणाची तरी आई मला फोनवर काहीतरी सांगेल, आणि मी लिफ्टसमोर उभी असेन.

जुलैपासून मी मेडिसिन वॉर्डात आहे. माझी सीनियर सत्तावीस वर्षांची पोरगी, मला शिकवताना तीच लाजते. पाय सुजतात, नावं विसरते, कॉम्प्युटरवर औषध लिहायला मला दुप्पट वेळ लागतो. पण बोटं मी सगळ्यांना दाबायला लावते. ताप असो, साखर असो. सीनियरनं एकदा विचारलं, या निमोनियावाल्याचे हात कशाला बघतेस? मी म्हटलं, सवय. खोटं, सवय कुठली? सवय तुझी होती, मी तर आत्ता सुरू केलंय. आणि एवढ्या महिन्यांत सापडलं म्हणशील तर काहीच नाही. सगळे आपले दाबतात, बरे दाबतात.

मागच्या आठवड्यात एक आजी दाखल झाल्या, साताऱ्याकडच्या, मुलाकडे आलेल्या, पायावर सूज आणि दम. मुलगा मीटिंगला गेलेला, नर्सचं इंग्रजी त्यांना कळेना, मी मराठी बोलले तर त्यांनी माझा हातच धरला. मी दोन-दोन बोटं पुढे केली, म्हटलं, आजी, दाबा. त्या म्हणाल्या, "किती दाबू? मोडायची पोरी, भाकऱ्या थापलेलं मनगट आहे." दोन्हीकडं सारखं. मग म्हणाल्या, "हे कुणी शिकवलं तुला? इथं तर सगळे मशिनीत घालतात." मी म्हटलं, आईनं. ती सिस्टर होती, अर्धांग ओळखायची असंच. "आणि आता कुठं असती?" नाही आता, म्हटलं. कशानं गेली ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं, अर्धांगानंच. आजी चुकचुकल्या. म्हणाल्या, "अगं माझ्या बाई. दुसऱ्यांचं बघता बघता तिला आपलं नसंल कळलं." आणि मी त्या परक्या बाईला म्हणाले, "नाही आजी. तिला कळलं होतं. तिनं मला फोन करून सांगितलं होतं." अकरा वर्षांत पहिल्यांदा ते तोंडातून निघालं. आजी माझी बोटं त्यांच्या मुठीत तशीच धरून बसल्या, आणि बाहेर माझा पेजर वाजत होता.

मी ठरवलं होतं, आता बाबांना सांगायचं. ते ऐंशीला आलेत. दर रविवारी फोन करतात, त्यांची सकाळ झालेली असते, माझी शनिवारची रात्र सुरू झालेली असते. तुझा फोटो समोर असतो, चहा पितात आणि बोलतात. या वेळी ते काय म्हणाले सांगू? त्यांना शेजारच्यांच्या सुनेनं तुझ्याबद्दल विचारलं, काकू कशानं गेल्या. बाबांनी तिला सांगितलं आणि मलाही परत सांगितलं, "हजारोंचे हात बघितले हिनं. आपला नाही बघितला." तोंडापर्यंत आलं होतं, आई. बघितला होतास. डावा कमी आहे म्हणून बरोबर ओळखलं होतंस. मी तुला विचारलं होतं, तू डॉक्टर आहेस का.

फोनमध्ये बाबांच्या चहाचा घोट ऐकू आला. मी "हं" म्हणाले.